सोल्डरिंग आयर्न, बिट आणि सोल्डर वायर: निवड आणि निगा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी किट जोडणारे, जुने रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे आणि कॉलेजचं प्रोजेक्ट हाती घेतलेले विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न आहेत. सुरुवात खरेदीपासून आहे, अवघड प्रसंग शेवटी. बिट म्हणजे आयर्नचं तापणारं टोक. "बिट सोल्डर धरत नाही" एवढ्याचसाठी आला असाल, तर आधी प्रश्न ६ आणि ७ वाचा. बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

१. पहिलंच आयर्न घेतोय. २५ वॅटचं घेऊ की ६० वॅटचं? ६० वालं पार्ट जाळेल का?

वॅटवरून तापमान ठरत नाही. कामात खर्च झालेली उष्णता बिटात किती लवकर भरून येते, ते वॅटवरून कळतं. साध्या २५ वॅटच्या आयर्नला कुठे थांबायचं ते ठाऊक नसतं. स्टँडवर नुसतं ठेवलं तरी ते तापत राहतं, आणि जाड तारेला टेकवलं की लगेच थंडावतं. म्हणून पार्ट जळण्याची भीती उलट कमी वॅटच्या आयर्नला जास्त असते. सोल्डर वितळेना म्हणून माणूस दहा-दहा सेकंद बिट टेकवून बसतो, आणि तेवढ्यात पॅड (पार्टचा पाय जिथे जोडतात तो तांब्याचा ठिपका) पीसीबीवरून, म्हणजे सर्किट बोर्डावरून, उचकटतो.

दोन-चार किट जोडून बघायची असतील, तर तीन पिनांच्या प्लगचं, बिट बदलता येणारं साधं २५ वॅटचं आयर्न पुरतं. सोल्ड्रॉनसारख्या ओळखीच्या बनावटीचं घेतलंत, तर सुटं बिट आणि एलिमेंट नंतरही मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घ्यायला जाल, तेव्हा त्याच दुकानात त्याचं बिट आहे का, हे आधी विचारा. नसेल तर ते आयर्न घेऊ नका. जाड तारा, स्पीकरचे टॅग, पोटेन्शिओमीटरची बॉडी असं काम असेल तर ३५ वॅटचं बरं. छंद वर्षभर टिकेल असं वाटत असेल, तर थेट तापमान-नियंत्रित आयर्नच घ्या (प्रश्न २).

आयर्नबरोबर स्प्रिंगचा जड स्टँड घ्याच. पत्र्याचा हलका स्टँड वायरच्या ओढीने उलटतो आणि गरम बिट पीव्हीसी वायरवर पडतं. मिळाली तर सिलिकॉन वायर घ्या, ती बिट लागलं तरी वितळत नाही.

२. तापमान-नियंत्रितमध्ये काय घ्यावं? ९३६ स्टेशन, टी१२ की यूएसबी-सीवर चालणारं पेनसारखं?

मुख्य फरक सेन्सर कुठे बसवलाय त्याचा आहे. ९३६ प्रकारच्या स्टेशनात (टेबलावरचा डबा आणि त्याला वायरने जोडलेलं आयर्न) हीटर आणि सेन्सर दोन्ही सिरॅमिकच्या कांडीत असतात, आणि बिट त्या कांडीवर टोपीसारखं बसतं. मधे हवेची फट राहिली की कांडी ३५० अंशांवर असते आणि टोक बरंच खाली. पण या प्रकारची ९००एम बिटं स्वस्त आहेत आणि सगळीकडे मिळतात. टी१२ मध्ये हीटर आणि सेन्सर बिटाच्या पोटातच, टोकाजवळ असतात. त्यामुळे मोठ्या पॅडवर टेकवल्याबरोबर त्याला कळतं आणि ते जोर लावतं. बिट मात्र महाग, कारण तुम्ही दर वेळी हीटरही विकत घेता.

टी१२ आणि पाइनसिलसारखी पेन-आयर्न घेताना अ‍ॅडाप्टरचा हिशेब आधी करा. त्यांच्या बिटाचा रोध साधारण ८ ओहम. २४ व्होल्टवर ७२ वॅट मिळतात, लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर ४५, १२ व्होल्टवर फक्त १८. यूएसबी-सीसाठी चार्जरवर '२० व्होल्ट' असं छापलेलं हवं. तेव्हा ५० वॅट हाती लागतात. मोबाइलच्या कित्येक फास्ट चार्जरवर मोठा वॅटचा आकडा असतो, पण तो त्या कंपनीच्या फोनपुरताच. दुसऱ्या उपकरणाला तो ९ व्होल्ट देतो, म्हणजे जेमतेम १० वॅट. "पेन नवीन आहे पण सोल्डर वितळत नाही" या तक्रारीत आधी चार्जरवरचं लेबल वाचा.

आमचा कौल: टेबल पक्कं असेल तर टी१२ स्टेशन, हॉस्टेलला किंवा प्रवासात असाल तर पेन. मुठीवर तापमानाचं बटण असलेली ६० वॅटची स्वस्त आयर्नंही साध्या कामाला चालतात, मात्र त्यांच्या आकड्यावर विसंबू नका (प्रश्न १२).

३. बारीक कामाला बारीक टोकाचं बिट हवं ना?

नको. सुईसारख्या टोकातून उष्णता वाहायला जागाच नसते. पहिलं बिट छिन्नीच्या आकाराचं, साधारण २.४ मिमी रुंदीचं घ्या. त्याची चपटी बाजू पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकते. ०८०५ आकाराचे एसएमडी (थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक) पार्टही त्याच्या कोपऱ्याने सहज बसतात. दुसरं घ्यायचं तर सुरीच्या आकाराचं घ्या, आयसीच्या रांगेवरून ओढत न्यायला आणि मधला चिकटलेला सोल्डर काढायला. सुई-टोक सर्वांत शेवटी घ्या, तेही अगदी अडचणीच्या जागेपुरतं.

४. सोल्डर वायर ६०/४० की ६३/३७? जाडी किती?

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली वायर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० ची वायर १८३ पासून १८८-१९० पर्यंत ओल्या रेतीसारखी राहते. तेवढ्यात पार्ट हलला की सांधा दाणेदार, भेगाळ होतो. यालाच दुरुस्तीवाले ड्राय सोल्डर म्हणतात. नवशिक्याचा हात हलतो, म्हणून त्याने ६३/३७ घ्यावी.

आपल्याकडे दुकानात जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेज वाढला की तार बारीक होते. २२ गेज म्हणजे ०.७ मिमी. पीसीबीच्या बहुतेक कामाला हीच. १८ गेज म्हणजे १.२ मिमी, ती तारा आणि टॅगसाठी. पोटात राळेचा फ्लक्स (मळ काढून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) असलेलीच घ्या, भरीव नको.

५. डबीतली पिवळी पेस्ट वापरायची की नाही?

डबीवर काय लिहिलंय त्यावर ते ठरतं. नळजोडणीच्या किंवा पत्र्याच्या कामाची पेस्ट झिंक क्लोराइडची असते. ती पीसीबीवर राहिली तर पुढचे कित्येक महिने तांबं खात राहते, आणि बिटावरचा लोखंडाचा मुलामाही खाते. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर नकोच. राळेची पेस्ट चालते. काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड पुसून काढा.

बिट पेस्टमध्ये बुडवण्याची सवय मात्र सोडा. पेस्ट बिटावरच जळून कोळसा होते आणि सांध्यापर्यंत काहीच पोचत नाही. फ्लक्स लावायचा तो पॅडला. वायर ताजी असेल तर तिच्या पोटातली राळ साध्या सांध्याला पुरते.

६. नवीन बिट पहिल्यांदा तापवताना काय करायचं?

बिटाला कल्हई करायची. कल्हईवाला काय करतो ते आठवा: भांडं तापवतो, नवसागर टाकून मळ उडवतो, आणि क्षणाचाही उशीर न करता कथील फिरवतो. मधे वेळ गेला तर भांड्यावर पुन्हा मळ धरतो आणि कथील चिकटत नाही. बिटाचंही तसंच.

आयर्न गार असतानाच टोकाभोवती सोल्डर वायरचे चार-पाच वेढे घ्या, मग चालू करा. बिट वितळण्याच्या तापमानाला पोचतं त्याच क्षणी राळ सुटते आणि सोल्डर टोकभर पसरतो. नियंत्रित आयर्न असेल तर आधी २५० वर ठेवा, टोक चांदीसारखं झालं की ३२० वर न्या. पहिल्या वेळी थोडा धूर आणि वास येतो, तो एलिमेंटच्या अभ्रकाचा आणि कारखान्यातल्या तेलाचा. खिडकी उघडी ठेवा.

७. बिट काळं पडलंय, सोल्डर लावला की थेंब होऊन खाली पडतो. बिट गेलं का?

बहुतेक वेळा गेलेलं नसतं. नीट जवळून पाहा. चांगल्या टोकावर सोल्डरची पातळ ओली साय असते, आयर्न हलवलं की ती चकाकत सरकते. बिघडलेल्या टोकावर राखाडी-काळा, कोरडा थर असतो आणि सोल्डर त्यावरून अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. तो थर लोखंडाच्या ऑक्साइडचा आणि जळलेल्या राळेचा. पुढे असं करा:

तापमान वाढवू नका, २५०-२७० वर आणा. साधं आयर्न असेल तर तापल्यावर बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. टोक पितळी तारांच्या गुंत्यात दहा-बारा वेळा खुपसा. लगेच पॅडभर राळेची पेस्ट आणि भरपूर ताजा सोल्डर घेऊन टोक त्या डबक्यात घोळवा, पुसा, पुन्हा घोळवा. पाच-सहा फेऱ्यांत चांदीचे ठिपके दिसू लागतात आणि ते एकमेकांना मिळत जातात. एवढ्याने नाही झालं तर टिप टिनरची डबी आणा. त्यात सोल्डरची पूड आणि तीव्र फ्लक्स असतो. त्यात टोक दोन-तीन सेकंद फिरवा, पुसा, आणि त्यावर ताजा सोल्डर चढवा. टिनर रोज वापरू नका, तो मुलामा झिजवतो.

नवसागराचा खडा वापरला तरी थर निघतो. पण त्याचा पांढरा धूर घसा जाळतो आणि उरलेला क्षार गंज आणतो. गच्चीवर, एकदाच, नंतर दोनदा सोल्डर लावून पुसून, एवढीच त्याला मुभा.

टोकाला खड्डा दिसत असेल किंवा लाल तांबं उघडं पडलं असेल, तर मात्र बिट संपलं. कथील त्या भोकातून आतलं तांबं विरघळवत जातं आणि आठवडाभरात टोक पोखरतं.

८. पूर्वी कानशीने घासायचे. आता का नाही?

पूर्वीची बिटं नुसत्या तांब्याची असत. ती सोल्डरमध्ये झिजत, खड्डे पडत, आणि कानशीने घासून पुन्हा कल्हई करणं हीच त्यांची निगा होती. आजची बहुतेक बिटं आतून तांब्याची, वरून लोखंडाच्या पातळ मुलाम्याची. कानस किंवा पॉलिश पेपर फिरवला की तो मुलामा गेला.

कोणतं बिट आहे ते लोहचुंबकाने कळतं. चुंबक ओढलं तर मुलामा आहे, घासू नका. अजिबात ओढलं नाही तर तांबं आहे, खुशाल घासा.

९. ओला स्पंज चांगला की पितळी तार?

पितळी तार. स्पंज टोकाला एकदम थंड करतो, आणि गरम-थंड होऊन मुलाम्याला बारीक चिरा जातात. स्पंजच वापरत असाल तर तो सोल्डरिंगचा, सेल्युलोजचा हवा. भांड्यांचा फोमचा स्पंज वितळून बिटाला चिकटतो. पाण्यात भिजवून घट्ट पिळा, पाणी टपकता कामा नये. बोअरच्या जड पाण्याचे क्षार टोकावर बसतात, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

भांड्यांची सोनेरी घासणी पितळीच असते असं नाही. तिलाही चुंबक लावून बघा. ओढलं तर आत पोलाद आहे, ते मुलामा ओरबाडतं.

१०. काम संपल्यावर बिट स्वच्छ पुसून ठेवायचं ना?

उलट. पुसा, मग त्यावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या आणि तसाच ठेवून बंद करा. पुढच्या वेळी तापल्यावर तो पुसा आणि काम सुरू करा. कामात मधे पाच मिनिटांहून जास्त थांबणार असाल तरी हेच.

११. तापमान किती ठेवू? ४५० ला काम पटकन होतं.

शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५०, बिनशिशाच्या सोल्डरला ३५० ते ३८०. बिट टेकवल्यापासून उचलेपर्यंत दोन-तीन सेकंदांत सांधा व्हायला हवा. होत नसेल तर आधी रुंद बिट लावा, मग टोकावर थोडा ताजा सोल्डर घ्या. तापमान वाढवणं हा शेवटचा उपाय. ४५० ला राळ सांध्यावर पोचायच्या आत जळते, टोक काही मिनिटांत काळं पडतं आणि पॅडखालचा गोंद सुटतो.

१२. स्टेशन ३५० दाखवतंय पण सोल्डर वितळत नाही.

टोक काळं नाही ना, ते बघा (प्रश्न ७). ९३६ प्रकारात पुढची पायरी: गार झाल्यावर बिट काढा, आतली पूड झटका, कांडीवर बिट शेवटपर्यंत बसतंय का पाहा आणि नट हाताने घट्ट करा. पक्कड लावून आवळू नका, सिरॅमिकची कांडी तडकते. नकली बिटांचं भोक कधी कधी सैल किंवा उथळ असतं. तिथे दुसरं बिट लावून बघणं हीच परीक्षा.

आकडाच चुकीचा आहे का, हे थर्मामीटरशिवाय तपासता येतं. १८० वर ठेवून दोन मिनिटं थांबा आणि ६३/३७ ची बारीक तार टोकाला लावा. नाही वितळली तर पाच-पाच अंश वाढवत, दर वेळी मिनिटभर थांबत जा. १८५ ते २०० च्या दरम्यान वितळली तर स्टेशन ठीक. २३० लागले तर कॅलिब्रेशनचा स्क्रू फिरवायची वेळ झाली.

एकाच बोर्डावर फक्त ग्राउंडच्या पॅडलाच अडत असेल, तर दोष आयर्नचा नाही. तिथलं तांबं उष्णता ओढून नेतंय. रुंद बिट लावा, किंवा हॉट एअरने बोर्ड खालून १०० अंशांपर्यंत कोमट करा.

१३. आयर्न अजिबात तापत नाही. एलिमेंट गेलं की वायर?

प्लग काढून मल्टिमीटर ओहमच्या २० केवर ठेवा आणि प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये मोजा. २३० व्होल्टच्या साध्या आयर्नला २५ वॅट असेल तर साधारण २१०० ओहम, ३५ वॅटला १५००, ६० वॅटला ९०० च्या आसपास यायला हवेत. हाच आकडा आला तर आयर्न ठीक, सॉकेट तपासा. काहीच दाखवत नसेल तर वायर मुठीपाशी वाकवत मोजा. आकडा येतो-जातो असं झालं तर वायर तिथे तुटली आहे. मूठ उघडून तेवढा तुकडा कापा आणि पुन्हा जोडा. वाकवूनही काही नाही, तर एलिमेंट बदला. मुठीवर बटण असलेल्या आयर्नमध्ये मधे सर्किट असतं, त्याला ही मोजणी लागू नाही.

९३६ प्रकारच्या मूळ रचनेच्या हँडपीसमध्ये गार असताना हीटर साधारण २.५ ते ३.५ ओहम आणि सेन्सर ४३ ते ५८ ओहम दाखवतो.

१४. बिटाला हात लागला की झिणझिण्या येतात. आयसीही मरतात. का?

अर्थिंग नाही. प्लग काढलेला असताना टोक आणि प्लगची वरची जाड पिन यांत मोजा. २ ओहमपेक्षा कमी हवं. जास्त असेल तर आतली अर्थची तार सुटली आहे किंवा बिटाच्या बुडाशी गंज बसला आहे. आयर्न बरोबर निघालं, तर घरातल्या सॉकेटला अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकात तारच नसते. दोन पिनांच्या आयर्नचं टोक गळतीच्या व्होल्टेजवर तरंगतं, ते मॉसफेट आणि सेन्सरच्या कामाला वापरू नका. झिणझिण्या येतात तोवर आयर्न बंदच ठेवा.

१५. बिट एलिमेंटमध्ये अडकलंय, निघत नाही.

साध्या आयर्नमध्ये बिटाच्या दांड्यावर पापुद्रे धरतात आणि ते पाचरीसारखे बसतात. ओढाताण केली तर एलिमेंट तुटतं. स्क्रू सैल करा, आयर्न दोन मिनिटं तापवा, प्लग काढा, आणि पक्कडीने बिट ओढायच्या आधी डावी-उजवीकडे हळू पिळा. हे टाळायचं तर महिन्यातून एकदा गार बिट काढून पापुद्रे झटका. तेल-ग्रीस लावू नका, ते जळून आणखी घट्ट होतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आयर्न चार महिने न वापरता ठेवणार असाल तर बिट बाहेर काढून, कल्हई केलेलं, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा.

१६. सोल्डर काढायला पंप की विक?

पायांच्या पार्टला पंप, चपट्या पॅडला विक (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी). पंपाचा जोर कमी झाला तर तो उघडा, आतला सोल्डरचा चुरा काढा आणि दट्ट्याच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. तेवढ्याने तो नव्यासारखा ओढतो. विक २ ते २.५ मिमी रुंदीची घ्या. सोल्डर ओढत नसेल तर तिच्यावर फ्लक्स लावा.

१७. धुरातून शिसं पोटात जातं का?

३५० अंशांना शिशाची वाफ होत नाही, ते १७०० अंशांच्या पुढे उकळतं. धूर राळेचा असतो. पण त्याला निर्धोक समजू नका, रोजच्या राळेच्या धुराने दमा जडतो हे कारखान्यांत दिसलेलं आहे. छोटा पंखा असा ठेवा की धूर तोंडापासून दूर ओढला जाईल. शिसं जातं ते हातांतून. काम करताना खाऊ-पिऊ नका, वायर दातांत धरू नका, नंतर साबणाने हात धुवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि लहान मुलं रांगतात तिथे हे काम नको.

१८. साध्या २५ वॅटच्या आयर्नला डिमर किंवा डायोड लावला तर चालेल?

चालतं, आणि बिटाचं आयुष्य वाढतं. मालिकेत १एन४००७ डायोड आणि त्याला समांतर स्विच लावला, की स्विच बंद असताना अर्धी लाटच जाते आणि आयर्न सुमारे १२ वॅटवर कोमट राहतं. काम सुरू करताना स्विच चालू. जोडणी बंद प्लास्टिकच्या डब्यात हवी आणि अर्थची तार सलग जायला हवी. मेन्सवर काम केलेलं नसेल तर जाणत्याकडून करून घ्या.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टेशनला हा डायोड कधीही लावू नका. अर्ध्या लाटेने ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरून जातो आणि वाइंडिंग जळतं.

१९. १८६५० (लिथियम-आयन) सेलला थेट सोल्डर करता येईल का?

करू नका. सेलचं बूड उष्णता शोषतं, आतलं सील आणि विभाजक पडदा खराब होतो. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेले सेल घ्या आणि पट्टीच्या टोकाला सोल्डर करा.

२०. बिनशिशाच्या बोर्डाची दुरुस्ती शिशाच्या सोल्डरने, त्याच बिटाने केली तर?

युरोपात जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले, म्हणून त्यानंतरची बहुतेक बाजारी उपकरणं बिनशिशाची निघतात. त्यातला नेहमीचा सोल्डर २१७-२२० अंशांना वितळतो. घरच्या दुरुस्तीत आधी ६३/३७ चा थेंब मिसळून तो मऊ करणं आणि मग सगळा ओढून काढून ताजा लावणं ही चांगली रीत आहे. बिट एकच चालतं.

बिस्मथचा सोल्डर मात्र वेगळा. १३८ अंशांना वितळणारी कमी तापमानाची पेस्ट हल्ली एसएमडीसाठी विकली जाते. तिच्यात शिसं मिसळलं तर ९६ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं. गरम होणाऱ्या रेग्युलेटरच्या पायाशी असा सांधा असेल तर तो चालू उपकरणातच मऊ पडतो. म्हणून बिस्मथसाठी बिट आणि विक वेगळी ठेवा, आणि त्या बिटाच्या बुडाला रंगाची खूण करा.